वायर वरूनच येऊ दे

विजेची वायर घरात जमिनीखालून यावी, हे माझं जुनं आणि पक्कं मत होतं. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो तेव्हापासूनचं. ग्रामसभेत रस्त्याचा किंवा गटाराचा विषय निघाला की मी हा मुद्दा काढायचोच: खोदताच आहात, तर विजेच्या केबलसाठीही जागा ठेवा. छपरावर उभा असलेला जी.आय. पाइप, त्याच्या मानेला गुंडाळलेली तार आणि तिथून रस्त्यापलीकडच्या खांबापर्यंत गेलेली काळी सर्व्हिस वायर, हे सारं मला कधी कायमचं वाटलंच नाही. गावात वीज आली तेव्हा घाईघाईने केलेली सोय, आणि पुढे ती बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

या उन्हाळ्यात माझ्या घरावरचा पाइप बदलायची वेळ आली. केबल जमिनीखालून घ्यायची सगळी तयारी झालेली असताना मी पुन्हा पाइपच उभा केला, पहिल्यापेक्षा उंच आणि जाड. आळीतल्यांनी विचारलं, "गुरुजी, तुम्हीच वरून घेतली?" ओट्यावर बसून चहा पिता पिता सांगितलं, पण तेवढ्याने पुरं होईना. म्हणून लिहायला बसलो.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण ती पोकळ नव्हती. शेणवा हे शहापूर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकलेलं गाव. इथून डोळखांबवरून पुढे गेलं की चोंढे लागतं. तिथे घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आहे आणि वीजघर डोंगराच्या पोटात आहे. १२५ मेगावॅटचे दोन संच २००८ पासून तिथे चालतात. मागणी कमी असली की खालचं पाणी वर घाटघरच्या जलाशयात चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. दुसऱ्या बाजूला भिवंडी तालुक्यात पडघ्याला थेट चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर अंतर तोडून ५०० केव्हीची डीसी वाहिनी येते, १५०० मेगावॅट वाहून आणण्याच्या ताकदीची. मुलांना मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवायचो. एवढी वीज ज्यांच्या शेजारी तयार होते आणि ज्यांच्या जवळून जाते, त्यांच्या घरात ती वाऱ्यावर डोलणाऱ्या वायरीतून यावी, याचं मला मनापासून वैषम्य वाटायचं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब गवतासारखे आडवे झाले आणि कित्येक गावांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. अलिबागला चक्रीवादळ धोका निवारणाच्या राष्ट्रीय प्रकल्पातून वाहिन्या जमिनीखाली नेण्याचं काम हाती घेतलं गेल्याचं वाचलं, तेव्हा मला वाटलं, हेच तर आपण सांगत होतो. मुंबई शहरात बेस्टची वीज जमिनीखालूनच येते. जे तिथे चालतं ते इथे का चालू नये?

आता घराविषयी. माझं घर कौलारू आहे: दगडी जोतं, विटांच्या जाड भिंती, सागाचे वासे, मंगलोरी कौलं. वडिलांनी वीज घेतली तेव्हा पाइप पडवीच्या कौलांतून वर काढून आतून वाशाला बांधला होता. त्या काळी सगळीकडे तसंच करत. पाइप जिथे कौलांतून बाहेर पडतो तिथे कितीही डांबर लावा, पावसाळ्यात पाणी झिरपायचंच. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आमच्याकडे, आणि तोही चार महिन्यांत. वासा आतून कुजत गेला, पाइप बुडाशी गंजला आणि हळूहळू खांबाच्या दिशेने कलला. पाइप कलला तशी वायर खाली आली. सुगीनंतर गवताचा ट्रक रस्त्यावरून गेला की वायर त्याच्या माथ्यावरून खरडत जायची. त्यात माकडं. फणस पिकायला लागले की ती त्याच वायरीवरून ये-जा करतात.

पण पाइप बदलायचं ठरलं ते यातल्या कशामुळेही नाही. पडवीपासून फणसापर्यंत कपडे वाळत घालायची एक लोखंडी तार होती. तिचं एक टोक त्याच पाइपाला बांधलेलं होतं. मागच्या पावसाळ्यात ओली चादर टाकताना पत्नीच्या बोटांना झिणझिण्या आल्या. तिने हात काढला, चपला घातल्या, घरात येऊन मेन स्विच पाडला आणि मग मला हाक मारली. तिच्या या शांतपणाचं मला आजही मोल वाटतं. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून बातमी येते: कपडे वाळत घालताना बाई गेली, तिला सोडवायला धावलेला मुलगाही गेला. ती बातमी आमच्या अंगणापर्यंत येऊन परत गेली होती.

त्याच दिवशी तार उतरवून टाकली. पाइपाच्या तोंडाशी वायरचं वेष्टण घासून घासून फाटलं होतं आणि आतली तार पाइपाला टेकत होती. वीज कंपनीच्या माणसांनी येऊन तेवढा तुकडा बदलला आणि सांगून गेले की पाइप काही फार दिवस टिकायचा नाही. मी मनात ठरवून टाकलं, आता पाइपच नको. केबल जमिनीखालून.

आमच्याच शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा आयटीआय करून लायसन्सधारक ठेकेदाराकडे वायरमनचं काम करतो. त्याला बोलावलं. त्याने पाइप पाहिला, भिंत ठोकून पाहिली, मग म्हणाला, "केबल कुठून न्यायची म्हणता गुरुजी? चला, चालून बघू."

आम्ही खांबापासून घरापर्यंत चालत आलो. आधी गावचा रस्ता लागतो. तो आडवा खोदायला ग्रामपंचायतीची परवानगी हवी, आणि खोदलेलं पुन्हा नीट बुजवायला हवं. मग शेजाऱ्यांचं अंगण. मग माझीच, पण राबाची पट्टी. आमच्याकडे भाताची रोपं ज्या वाफ्यात करतात तिथे आधी पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून भाजणी करतात, तो राब. दर वर्षी तिथे आग लागते, दर वर्षी नांगर चालतो. केबल पाऊण मीटर खोल घालायची, खाली-वर रेती पसरायची, त्यावर विटा रचायच्या, ही रीत मला ठाऊक होती. पण हातभर खाली गेलं की इथे मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. कुदळ नुसती वाजते. कुठे पाऊण मीटर मिळेल, कुठे दीड वीतही मिळणार नाही.

तो म्हणाला, "सगळं करून देतो. ब्रेकर लावू, आर्मर्ड केबल घालू. पण पुढे कधी ती बिघडली तर तुम्ही मलाच बोलावणार. मी येईनही. येऊन बघू कुठं?"

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण मला किन्हवलीच्या रस्त्याला राहणाऱ्या एका स्नेह्यांचं घर आठवलं. नवा टुमदार बंगला, आणि माझ्या सांगण्यावरून नव्हे पण माझ्याच विचाराने त्यांनी केबल खालून घेतलेली. पुढे नळाच्या पाइपलाइनसाठी चर खणताना जेसीबीचा दात केबलला लागला असावा. केबल तुटली नाही, तिचं वेष्टण तेवढं दुखावलं. तो उन्हाळा नीट गेला. पाऊस मुरला तसं पाणी आत शिरलं आणि श्रावणात एका रात्री घर अंधारात गेलं. बिघाड मीटरपाशी नाही, खांबावर नाही, म्हणजे मधेच कुठेतरी जमिनीत. पण नक्की कुठे, हे सांगणारं यंत्र तालुक्याबाहेरून आणावं लागतं आणि एका घरासाठी ते लगेच येत नाही. चिखलात चर उकरायला मजूरही मिळेनात, सगळे लावणीत. गौरी-गणपती त्यांनी शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरवर पार पाडले. शेवटी जुनी केबल तशीच जमिनीत सोडून दिली आणि भिंतीला पाइप ठोकून वायर वरून घेतली.

ही हकिकत मला आधीपासून ठाऊक होती. तिच्यावरून मी एकच निष्कर्ष काढला होता, की काम निष्काळजीपणे झालं. त्या दिवशी राबात उभं राहून पहिल्यांदा वेगळा विचार केला. मुंबईत जमिनीखालची वीज टिकते ती केबल चांगली असते म्हणून नाही. तिथे प्रत्येक केबलचा नकाशा असतो. रस्ता कुणीही खणू शकत नाही, विचारावं लागतं. बिघाड शोधणारी गाडी असते, जोड मारणारे कसबी लोक असतात, एक वाट बंद पडली तर दुसऱ्या वाटेने वीज फिरवता येते. अलिबागला काम झालं ते एका घराचं नव्हे, अख्ख्या शहराचं. शेणव्यात मी एकट्याने केबल पुरली असती तर त्या व्यवस्थेतली फक्त केबल माझ्याकडे आली असती. बाकी काहीच नाही.

उलट वरून येणाऱ्या वायरची व्यवस्था गावात आधीच उभी आहे, आणि ती व्यवस्था आहे हे मी कधी मान्य केलं नव्हतं. शिडी आहे, पकड आहे, मोटरसायकलवरून भर पावसात येणारा वायरमन आहे. खांबावर ठिणगी उडाली तर समोरच्या घरातली म्हातारी ओरडून सांगते. फांदी टेकली तर पोरं सांगतात. रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्याही नजरेला वायर पडते. वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर फोन करायचा तर सांगण्यासारखं काहीतरी असतं: अमुक घरासमोर, अमुक खांबावर. पत्नीने हा मुद्दा एका वाक्यात मांडला. ती म्हणाली, "त्या दिवशी तार हाताला लागली म्हणून कळलं तरी. जमिनीत तसं झालं असतं तर राबात चिखल तुडवणाऱ्या माणसांना कोण सांगणार होतं?" आमच्याकडे लावणीला बायका-मुलं अनवाणी उतरतात. केबलला चिलखत असतं, ते अर्थ केलेलं असतं, बिघाड झाला तर फ्यूज उडायला हवा, हे सगळं मला माहीत आहे. पण ते 'हवा' आहे. माझ्या राबात कधी कोण केबलला पहार लावेल आणि फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातलेली असेल, याची खात्री मी देऊ शकत नव्हतो.

आणखी एक साधा हिशेब मी इतकी वर्षं केला नव्हता. आमच्याकडे वीज जाते ती बहुतेक वेळा ११ केव्हीच्या लाइनवर झाड पडून, नाहीतर इन्सुलेटर फुटून. ती लाइन रानातून, टेकड्यांवरून येते. खांबापासून माझ्या मीटरपर्यंतचा तुकडा पुरून टाकला तर त्यातला एकही बिघाड कमी होणार नव्हता.

तेव्हा पाइप ठेवायचा, हे ठरलं. पण ठेवायचा तर कसा, यावर माझं मत याहूनही जास्त बदललं. पाइप म्हणजे वायर अडकवायची खुंटी, एवढंच मी समजत होतो. वायरमनने आठवडाभर मला जे समजावलं ते ऐकल्यावर मी त्याला घराच्या बांधकामाचा भाग मानू लागलो.

मुख्य गोष्ट ओढीची. पाइपावर वजन वरून खाली येत नाही, वायर त्याला सतत आडवं ओढत असते. वारा आला की ओढ वाढते, माकड बसलं की आणखी वाढते. शिवाय उंचीचा नियम. जुन्या १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेलं माप असं, की रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वायर जमिनीपासून निदान ५.८ मीटर वर हवी. सपाट छपरावरून जाणारी असेल तर छपरापासून अडीच मीटर, आणि घराच्या बाजूने जाणारी असेल तर सव्वा मीटरला थोडं कमी, म्हणजे १.२ मीटर अंतर. आमचं घर बुटकं, पडवी तर आणखी बुटकी. गवताचा ट्रक खालून सुखरूप जायचा तर पाइप चांगलाच उंच हवा. आणि पाइप जितका उंच तितका तो पहारीसारखं काम करतो: टोकाला थोडी ओढ, बुडाशी भिंत उखडेल इतका जोर. माझ्या वडिलांच्या पाइपाने वासा मोडत आणला तो असाच.

म्हणून नवा पाइप वाशाला बांधला नाहीच. तो पडवी सोडून मूळ घराच्या विटांच्या भिंतीला, बाहेरून घेतला, पागोळीच्या पुढे. त्यामुळे कौलात भोक पाडावं लागलं नाही आणि इतक्या वर्षांची गळती थांबली. पाइप मध्यम प्रतीचा, ज्याला दुकानात 'बी' क्लास म्हणतात. त्यावर निळा पट्टा असतो. पिवळा पट्टा हलक्याचा, लाल जाडाचा. दुकानदार पिवळा पुढे करतो, तो स्वस्त पडतो. दोन क्लॅम्प एकमेकांपासून लांब, वरचा जितका वर नेता येईल तितका. क्लॅम्पचे बोल्ट भिंतीतून आरपार काढून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी लावली. नुसते खिळे किंवा प्लास्टिकचे गुल्ले विटेत धरत नाहीत, आणि मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीत तर मुळीच नाहीत.

मग ताण. वायर ज्या दिशेला ओढते त्याच्या बरोबर उलट दिशेला, पाइपाच्या वरच्या भागापासून घराच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जी.आय. तारेचा ताण दिला. त्या ताणाच्या मधे चिनी मातीचा अंडा इन्सुलेटर घातला. तो का, हे मी मुलांना शिकवलं होतं, पण माझ्याच घरावर कधी पाहिला नव्हता. समजा पाइपात वीज उतरली, तर ती ताणाच्या तारेतून खाली, माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत येऊ नये म्हणून. इन्सुलेटर हाताच्या उंचीच्या पुष्कळ वर हवा.

पाइपाच्या वरच्या टोकाला खाली वळलेला बेंड, म्हणजे पाऊस आत जात नाही. वायर आत शिरण्याआधी तिला मुद्दाम थोडा झोळ दिला. वायरवरून धावत येणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं, पाइपात शिरत नाही. पाइपाच्या तोंडाची धार कानशीने घासून काढली आणि तिथे बुश बसवला. या क्षुल्लक बुशासाठी मी एवढं का लिहितो आहे? कारण आमच्या घरी जे झालं ते तो नव्हता म्हणून झालं. वायर वाऱ्यावर हलते, पाइपाची धार तिचं वेष्टण रोज थोडं थोडं कापते, आणि एक दिवस अख्खा पाइप जिवंत होतो.

वायरचा भार वायरने घ्यायचा नाही, हेही एक. खांबापासून पाइपापर्यंत आधी जाड जी.आय. तार ओढायची, ती दोन्हीकडे रील इन्सुलेटरला बांधायची आणि सर्व्हिस वायर तिच्यावर फक्त लोंबत ठेवायची. अॅल्युमिनियम ओढीने लांबतं, बारीक होतं, तुटतं. आणि अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पीळ मारून जोडली तर तो जोड दमट हवेत सडतो, गरम होतो, दिवे मिणमिणायला लागतात. लोक मग व्होल्टेज कमी आहे म्हणून तक्रार करत बसतात. त्यासाठी दोन धातूंचा वेगळा जोड मिळतो, तोच वापरला.

काम करताना वीज कंपनीकडे रीतसर अर्ज दिला होता. त्यांच्या लाइनमनने खांबावरचा जोड सोडला, मगच पाइपाला हात लावला. माझा विद्यार्थी शिडी चढण्याआधी मला म्हणाला, "इन्व्हर्टर बंद केला ना? बॅटरीची वायर पण काढा." खांबावर माणूस असताना घराघरांतले इन्व्हर्टर आणि जनरेटर उलट्या दिशेने वीज पाठवू शकतात, आणि तिने लाइनमन मेलेले आहेत. हे वाक्य मी आता येता-जाता प्रत्येकाला सांगतो.

शेवटी अर्थिंग. जुन्या पाइपाला ती नव्हतीच. घराच्या भिंतीपासून दीड मीटरहून लांब, न्हाणीच्या पाण्याची ओल जिथे पोचते तिथे खड्डा घेतला, अडीच मीटरचा पाइप उभा पुरला, भोवती मीठ आणि कोळसा. एवढ्या खोल जायला मात्र ब्रेकर आणावाच लागला, कातळ काही चुकला नाही. छपरावरचा पाइप त्या अर्थिंगला जाड तारेने जोडला. चैत्र-वैशाखात मुरूम कोरडा ठाक पडतो, तेव्हा त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचं, हे काम मी माझ्याकडे घेतलं आहे. मीटरनंतर ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवला. त्याने घरातल्या वायरिंगची आणि उपकरणांची राखण होते. पण छपरावरचा पाइप मीटरच्या अलीकडे, म्हणून तिथे आरसीसीबीचा काही उपयोग नाही. तिथे बुश, इन्सुलेटर आणि अर्थिंग हेच काय ते. ही गोष्ट अनेक शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. कपड्यांची दोरी आता नायलॉनची आहे आणि ती फणसापासून आंब्यापर्यंत जाते.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. २०१२ च्या ऑक्टोबरात तिकडे सँडी वादळ आलं होतं. त्याला फोनवर हे सारं सांगितलं तर म्हणाला, "मामा, आमच्या जुन्या वस्त्यांतही वीज खांबावरून छपरावरच्या पाइपातच उतरते." वादळात पाइप वाकला तर तो घरमालकाने लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून उभा करून घ्यायचा, तपासणी व्हायची, मगच कंपनी वायर जोडते. वायर त्यांची, पाइप घराचा. ऐकून बरं वाटलं. श्रीमंत देशातही लोक या सोयीला तात्पुरती समजत नाहीत, तिचे नियम करतात, तिची जबाबदारी कुणाची ते लिहून ठेवतात.

इथपर्यंत सगळं माझ्या घराचं झालं. ज्याने मला जास्त हलवलं ते नंतर घडलं. पाइपाचं काम पाहायला गावाबाहेरच्या कातकरी वाडीतले दोघे जण आले होते. एकाने विचारलं, "गुरुजी, आमच्या घराला हे कसं लावायचं?" मी त्यांच्यासोबत वाडीत गेलो.

तिथली बरीच घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या विणून त्यावर शेणामातीचा लेप. पूर्वी कुटीर ज्योती योजनेतून एकेका दिव्याच्या जोडण्या आल्या, पुढे २०१७ च्या सौभाग्य योजनेतून आणखी काही घरांत मीटर लागलं. मीटर आलं, भिंत मात्र कुडाचीच राहिली. वायर अडकवायला पाइप नाही, बांबू. बांबू घराच्या मेढीला बांधलेला, मेढ वाळवीने पोखरलेली, आणि मीटरची फळी पावसाच्या झडीला उघडी. वर मी क्लॅम्प आणि आरपार बोल्टचं जे लिहिलं आहे त्यातलं एक अक्षरही इथे लागू पडत नाही, कारण बोल्ट मारायला भिंतच नाही. केबल जमिनीखालून, हे माझं जुनं मत तर इथे उच्चारायचीही लाज वाटली असती.

या घरांना घराचा पाइप नको, घरापासून सुटा, जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेला छोटा खांब हवा. दोन-तीन घरांमागे एक. त्यावर पत्र्याच्या पेटीत मीटर, त्याला स्वतःची अर्थिंग, आणि तिथून घरात आखूड वायर. म्हणजे ओढ खांब घेईल, कुडाला धक्का लागणार नाही, आणि घर नव्याने बांधायला काढलं तरी वीज तोडावी लागणार नाही. वायरमनने कागदावर आकृती काढून दिली आणि सामानाची यादी केली. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसा कायद्याखालचा पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतीकडे थेट येतो. त्यातून हे व्हावं, असा विषय मी ग्रामसभेच्या पत्रिकेवर द्यायला लेखी अर्ज केला आहे. ज्या ग्रामसभेत मी वर्षानुवर्षं चरासाठी भांडलो, तिथेच आता खांबांसाठी उभा राहणार आहे. कुणी मागची भाषणं काढली तर काढू देत. उत्तर वर दिलं आहे.

जुन्या मतातलं सगळंच मी सोडलेलं नाही. उघड्या तारा अजूनही मला पसंत नाहीत. आळीत वेष्टणाच्या गुंफलेल्या तारा, ज्यांना एबी केबल म्हणतात, त्या याव्यात, म्हणजे फांदी टेकली तरी बिघडत नाही आणि आकडा टाकायची सोयही उरत नाही. झाडाला वायर बांधण्याला माझा विरोध होता, आजही आहे. आणि उद्या अख्ख्या शेणव्याचा नकाशा करून, देखभालीच्या माणसांसकट, केबल जमिनीखाली न्यायचं कुणी मनावर घेतलं, तर मी पुन्हा त्या बाजूला जाईन.

तोवर आळीतल्या तरुणांशी एक ठरलं आहे. मेमध्ये आमच्याकडे घरोघर शाकारणी होते; कौलं उतरवून चाळतात, फुटकी बदलतात, वासे तपासतात. त्याच वेळी पाइपही पाहायचा. लांबूनच, हात न लावता: कलला आहे का, बुडाशी गंज आहे का, तोंडाशी बुश आहे का, कपड्यांची तार कुणी बांधली आहे का. जे सापडेल ते वहीत लिहायचं आणि वही वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात नेऊन पोच घ्यायची. सुरुवात वाडीपासून करायची, आमच्या आळीचं नंतर.